पेसमेकर असताना नाडी मोजणारे घड्याळ कसे निवडावे

पेसमेकर बसवलेल्या माणसाने नाडी मोजणारे घड्याळ घ्यावे का, आणि घ्यायचे तर कोणते घ्यावे, हा प्रश्न आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात वारंवार निघतो. गटात पेसमेकरवाले बरेच आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी कोणी मुलगा, सून किंवा भाची वाढदिवसाला घड्याळ भेट देण्याच्या तयारीत असते. दुकानातला विक्रेता "काका, यात सगळं आहे" एवढेच सांगतो. घड्याळाच्या माहितीपुस्तिकेत पेसमेकर असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे बारीक अक्षरांत छापलेले असते. डॉक्टरांच्या दाराबाहेर रांग असते, त्यामुळे ते "घ्या की, काही होत नाही" म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळतात. तिघांपैकी कोणीही चुकीचे बोलत नाही, पण तिघांचे ऐकूनही निवड कशी करायची ते कळत नाही. मी विद्युत अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे आणि डाव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली दोन तारांचा पेसमेकर वागवतो आहे, त्यामुळे या विषयात थोडा खोल उतरलो. त्यातून जे हाती लागले ते येथे लिहितो आहे. शेवटचा शब्द अर्थातच ज्याच्या त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाचा.

घड्याळ पाहण्याआधी आपला पेसमेकर पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. निरोगी माणसाच्या मनगटावरचे घड्याळ त्याच्या हृदयाचा वेग सांगते. आपल्या मनगटावरचे घड्याळ मात्र बऱ्याचदा डॉक्टरांनी यंत्रात भरून ठेवलेला आकडाच आपल्याला परत वाचून दाखवत असते. तो आकडा माहीत नसेल तर कितीही महागडे घड्याळ घेतले तरी त्यावरून काही उमगत नाही, आणि माहीत असेल तर साधे घड्याळही पुरेसे होते. पेसमेकरच्या नियमित तपासणीच्या वेळी तंत्रज्ञ प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राच्या पडद्यावर सगळी सेटिंग्ज पाहत असतो. त्याच वेळी त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. लोअर रेट (ज्याच्या खाली यंत्र नाडी जाऊ देत नाही तो वेग) किती, अप्पर रेट (ज्याच्या वर यंत्र ठोके देत नाही तो वेग) किती, आणि रेट रिस्पॉन्स (हालचाल ओळखून यंत्राने स्वतः वेग वाढवण्याची सोय) चालू आहे की बंद. रात्रीसाठी वेगळा, कमी वेग ठेवला असेल तर तोही विचारावा. हे विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही, माझ्या अनुभवात तंत्रज्ञांना असा प्रश्न आवडतो, कारण एरवी त्यांना "बॅटरी किती वर्षं चालेल?" याखेरीज कोणी काही विचारत नाही.

माझ्या कागदावर डीडीडी, ६० आणि १३० असे लिहिलेले आहे. डीडीडी म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही कप्प्यांकडे लक्ष ठेवणारा आणि गरज पडल्यास दोन्ही कप्प्यांना ठोका देणारा पेसमेकर. माझा विकार संपूर्ण हार्ट ब्लॉकचा आहे. म्हणजे वरच्या कप्प्यातला नैसर्गिक ठोका व्यवस्थित निघतो, पण तो खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नाही. पेसमेकर वरचा ठोका टिपतो आणि किंचित थांबून खालच्या कप्प्याला तसाच ठोका देतो. त्यामुळे पर्वतीच्या पायऱ्या चढताना माझ्या नाडीचा वेग कोणाही माणसासारखा वाढत जातो, फक्त १३० ला पोहोचल्यावर पेसमेकर त्याच्या पुढे साथ देत नाही. वरचा कप्पा त्याहून वेगाने धावू लागला तर मधले काही ठोके खाली पोहोचवलेच जात नाहीत, आणि वेग आणखी वाढला तर दर दोन ठोक्यांपैकी एकच खाली पोहोचतो. अशा वेळी भर चढणीवर घड्याळातला आकडा एकाएकी खाली येतो आणि त्याच क्षणी पायांतले बळ गेल्यासारखे वाटते. असे होत असेल तर घड्याळ बिघडलेले नसते. अप्पर रेट आपल्या हालचालीला अपुरा पडतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो, आणि ही माहिती तपासणीच्या वेळी डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मला विचाराल तर पेसमेकरवाल्याने घड्याळ वापरण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

रात्रीचा आलेखही असाच बोलका असतो. झोपेत माझ्या हृदयाचा स्वतःचा वेग ६० च्या खाली जाऊ पाहतो आणि पेसमेकर त्याला जाऊ देत नाही, म्हणून घड्याळाच्या आलेखात मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ६० वर जवळजवळ आडवी सरळ रेघ दिसते. मुलीने ती अमेरिकेतून आपल्या फोनवर पाहिली तेव्हा घड्याळ अडकून पडले आहे असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात पेसमेकर आपले काम चोख करतो आहे, याची ती रेघ म्हणजे खूण आहे.

ज्यांचा विकार साइनस नोडचा, म्हणजे वरच्या कप्प्यातल्या नैसर्गिक ठोका निघण्याच्या जागेचा आहे, म्हणजे ज्यांच्या हृदयाचा नैसर्गिक वेगच व्यायामात वाढत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेसमेकरमध्ये रेट रिस्पॉन्स चालू असतो आणि शरीर हलते आहे हे ओळखून यंत्र स्वतः वेग वाढवते. बहुतेक यंत्रांत हे काम हालचाल टिपणारा सेन्सर करतो, काहींत श्वासाची गती व खोली मोजली जाते, आणि बायोट्रॉनिक या जर्मन कंपनीच्या काही यंत्रांत हृदयाच्या आकुंचनाशी निगडित विद्युतरोधातील बदलांवरून वेग ठरतो. हालचाल टिपणाऱ्या सेन्सरला व्यायाम आणि धक्के यांतला फरक नेहमीच कळतो असे नाही. आमच्या गटातले एक स्नेही जिममधली स्थिर सायकल अर्धा तास घाम गाळून चालवतात तेव्हा त्यांच्या घड्याळात आकडा जेमतेम ७५ च्या आसपास राहतो, कारण छाती फारशी हलत नाही. आणि रिक्षात निवांत बसून पुण्यातल्या गतिरोधकांवरून आणि खड्ड्यांतून घरी येताना तोच आकडा ९५ दाखवतो. घड्याळ दोन्ही वेळा खरेच सांगत असते. सायकलवर धाप लागते पण नाडी वाढत नाही, ही तक्रार त्यांनी घड्याळातील नोंदींसह डॉक्टरांपुढे ठेवली, आणि सेन्सरची संवेदनशीलता वाढवून घेतल्यावर त्यांना बराच फरक पडला.

आता घड्याळाकडे वळू. बाजारातील जवळजवळ सर्व घड्याळे मनगटावरची नाडी हिरव्या प्रकाशाने मोजतात. घड्याळाच्या पाठीमागचे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताची लाट मनगटात येते तेव्हा प्रकाश जास्त शोषला जातो, लाट ओसरली की कमी, आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. ठोका हृदयाने स्वतःहून दिला की पेसमेकरच्या आज्ञेने दिला, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. रक्त मनगटापर्यंत आले एवढेच ते पाहते. म्हणून ही पद्धत आपल्याला पूर्णपणे चालते, आणि प्रकाशाचा पेसमेकरवर काही परिणाम होण्याचा प्रश्नच येत नाही. ब्लूटूथचीही धास्ती बाळगू नये. त्याची शक्ती फार थोडी असते, पेसमेकर टायटॅनियमच्या कवचात बंद असतो आणि बाहेरच्या लहरी गाळणारी व्यवस्था त्यात असते. खरे तर अलीकडचे काही पेसमेकर, उदाहरणार्थ मेडट्रॉनिक कंपनीचे ॲझ्युअर, स्वतःच ब्लूटूथवरून रुग्णाच्या फोनशी बोलतात.

मग काळजी कसली घ्यायची? यासाठी मी मनाशी एक साधी विभागणी केली आहे. घड्याळातले काही सेन्सर सभेतल्या श्रोत्यासारखे नुसते ऐकतात आणि काही मात्र मध्येच बोलू लागतात. हिरवा प्रकाश, पावले मोजणारा सेन्सर, तापमानाचा सेन्सर, रक्तातील प्राणवायू मोजणारा लाल व अवरक्त प्रकाश हे सगळे आपल्या दृष्टीने ऐकणारे, कारण शरीरात वीज कोणीच सोडत नाही. शरीरातील चरबी, स्नायू आणि पाण्याचे प्रमाण सांगणारी सोय मात्र बोलणारी आहे. तिच्यात घड्याळाच्या बटणांवर दोन बोटे ठेवायची असतात आणि घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह पाठवून शरीराचा विद्युतरोध मोजते. हा प्रवाह छातीतून जातो. सॅमसंगने ऑगस्ट २०२१ मध्ये बाजारात आणलेल्या गॅलक्सी वॉच ४ मध्ये ही सोय होती, आणि पेसमेकर किंवा तत्सम यंत्र शरीरात असणाऱ्यांनी ती वापरू नये अशी सूचना कंपनीने स्वतःच दिली आहे. प्रवाह आपल्याला जाणवत नाही हे खरे, पण पेसमेकरचे काम हृदयातले अगदी क्षीण विद्युतसंकेत टिपण्याचे आहे, आणि बाहेरचा संकेत त्याला हृदयाचा ठोका वाटला तर तो स्वतःचा ठोका देण्याचे थांबवू शकतो. ज्याचे हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे त्याला ते काही सेकंदही परवडणारे नसते. अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'हार्ट रिदम' या नियतकालिकात तीन सीआरटी यंत्रांचा (हृदयाचे दोन्ही खालचे कप्पे एकाच वेळी आकुंचन पावावेत म्हणून ठोके देणाऱ्या पेसमेकरसारख्या यंत्रांचा) असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. संगणकीय प्रारूपे आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांवरून असा प्रवाह यंत्राच्या कामात अडथळा आणू शकतो, असे त्यात दिसले. तो प्रयोग माणसांवर केलेला नव्हता, हेही लक्षात ठेवावे. पण चरबीचे प्रमाण कळले नाही म्हणून आपले काही अडत नाही, तेव्हा तो धोका पत्करण्यात शहाणपण नाही. त्वचेची विद्युतवाहकता मोजून मनावरचा ताण सांगणारी जी सोय काही घड्याळांत असते तीही अल्पसा प्रवाह वापरते. तिच्याबाबतही माहितीपुस्तिका नीट वाचूनच पुढे जावे.

ओघात आणखी एक सांगून ठेवतो. धातूच्या पट्ट्यांवर अनवाणी उभे राहून वजनाबरोबर चरबीही सांगणारे जे काटे हल्ली घरोघरी आले आहेत, ते याच तत्त्वावर चालतात. घड्याळाबाबत दक्ष असणारी माणसे या काट्यावर रोज सकाळी बिनदिक्कत उभी राहतात. साधा, फक्त वजन सांगणारा काटा आणावा.

ईसीजीची सोय मात्र बोलणारी नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण तिच्यातही घड्याळाच्या कडेवर बोट ठेवायचे असल्यामुळे दोन्हींची गल्लत होते. ईसीजीमध्ये घड्याळ हृदयाचे विद्युतसंकेत नुसते टिपते. ॲपलने २०१८ मध्ये चौथ्या मालिकेच्या घड्याळात ही सोय आणली आणि त्यानंतर इतरही अनेक कंपन्यांनी ती दिली. तिच्यापासून धोका नाही, पण आपल्याला तिचा उपयोगही फारसा नाही. ती अनियमित ठोक्यांचा एक विशिष्ट विकार, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, ओळखण्यासाठी बनवलेली आहे आणि पेसमेकर नसलेल्या हृदयाचे आलेख समोर ठेवून बेतलेली आहे. पेसमेकर असणाऱ्यांसाठी ही सोय नाही, असे या घड्याळांच्या सूचनांमध्येच म्हटलेले असते. पेसमेकरने दिलेल्या ठोक्याचा आलेख रुंद आणि वेगळ्या आकाराचा येतो. शिवाय पेसमेकरचा प्रत्यक्ष विद्युतठोका अवघ्या अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो, तर ॲपलचे घड्याळ सेकंदाला सुमारे ५१२ वेळा, म्हणजे जवळजवळ दर दोन मिलिसेकंदांनी एक नोंद घेते. त्यामुळे तो ठोका बऱ्याचदा आलेखात उमटतच नाही. परिणामी घड्याळ "निष्कर्ष काढता येत नाही" असे तरी सांगते, किंवा नको तो निष्कर्ष काढून आपली झोप उडवते. उलट ज्यांच्या पेसमेकरची एक तार वरच्या कप्प्यात आहे, त्यांच्या यंत्रात एट्रियल फिब्रिलेशनची नोंद आपोआप होत असते, तीही चोवीस तास आणि थेट हृदयाच्या आतून. जे छातीत आधीच आहे त्याच्यासाठी मनगटावर जास्तीचे पैसे मोजू नयेत. माझ्या मुलीचा आग्रह ईसीजीवाल्याच घड्याळाचा होता. हे सगळे समजावल्यावर तिने तो सोडला, पण किंचित नाराजीनेच.

चुंबकाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि तो दुकानात कोणीही सांगत नाही. पेसमेकरजवळ पुरेसे प्रबळ चुंबकीय क्षेत्र आले, साधारणपणे १ मिलिटेस्ला म्हणजे १० गाऊसच्या पुढे, तर यंत्र मॅग्नेट मोडमध्ये जाते. ही काही यंत्रातली उणीव नव्हे; तपासणीसाठी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. या अवस्थेत पेसमेकर हृदयाचे ऐकणे थांबवून ठरावीक वेगाने ठोके देत राहतो. मेडट्रॉनिकच्या बहुतेक पेसमेकरांत बॅटरी चांगली असताना हा वेग ८५ असतो, बॉस्टन सायंटिफिकच्या यंत्रांत १००. चुंबक दूर केला की यंत्र पूर्ववत काम करू लागते, त्यामुळे पेसमेकरवाल्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. आयसीडी, म्हणजे जीवघेणी लय आल्यास शॉक देणारे यंत्र, ज्यांना बसवले आहे त्यांनी मात्र हे फार गांभीर्याने घ्यावे, कारण चुंबक जवळ असेपर्यंत ते यंत्र शॉक देत नाही. आयफोन १२ छातीवर धरला असता आयसीडी असे निष्क्रिय होते, हे जानेवारी २०२१ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. त्याच वर्षी औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या संस्थेने फोन आणि स्मार्टवॉच शरीरातील यंत्रापासून किमान ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर दूर ठेवावे असा सल्ला दिला. फोनच्या बाबतीत या सल्ल्याची सर्वांत जास्त गरज आपल्याकडे आहे, कारण शर्टाचा खिसा डावीकडे असतो, फोन त्या खिशात असतो, आणि पेसमेकरही बहुधा त्याच बाजूला असतो.

घड्याळात चुंबक कोठे असतात? पहिली जागा म्हणजे चार्जर. बहुतेक घड्याळे चुंबकाने चिकटणाऱ्या चकतीवर किंवा क्लिपवर चार्ज होतात. ती चकती टेबलावर राहू द्यावी, शर्टाच्या खिशात टाकून प्रवासाला निघू नये. दुसरी जागा म्हणजे पट्टा. बारीक जाळीचे दिसणारे काही धातूचे पट्टे आणि एकमेकांवर चिकटणारे काही चामड्याचे पट्टे चुंबकाने बंद होतात; ॲपलचा मिलानीज लूप हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. दिसायला ते सुरेख असतात, पण आपण बकलाचा किंवा वेल्क्रोचा पट्टा घ्यावा. पट्टा बंद होताना 'टक्' करून आपणहून चिकटला तर तो परत द्यावा, इतकी सोपी ही परीक्षा आहे.

दिवसभर मनगट छातीपासून दूरच असते. नमस्कार करताना हात क्षणभर छातीशी येतात, त्याने काही बिघडत नाही. खरा प्रश्न झोपेचा आहे. कुशीवर झोपणाऱ्याचा हात दुमडून हनुवटीखाली किंवा खांद्याशी येतो, आणि डाव्या मनगटावरचे घड्याळ तासन्‌तास पेसमेकरच्या अगदी जवळ राहू शकते. म्हणून पेसमेकर डावीकडे असेल तर घड्याळ उजव्या मनगटावर बांधावे, किंवा रात्री काढून ठेवावे. मी ते उजव्या हातात बांधतो. लिहिताना थोडे अडखळते, पण सवय होते. रात्रीचा आलेख एकदा कुतूहलाने पाहून झाल्यावर रोज पाहण्यासारखे त्यात काही उरत नाही, त्यामुळे आताशा बहुतेक रात्री ते कपाटावरच असते.

छातीला बांधायच्या पट्ट्याबद्दलही विचारणा होते. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी बिनतारी पट्टा आणि मनगटी घड्याळ ही जोडी बाजारात आणली, आणि खेळाडूंमध्ये आजही अचूकतेसाठी या पट्ट्याचेच नाव घेतले जाते. हा पट्टा ऐकणाराच आहे. तो प्रवाह सोडत नाही. पेसमेकर असणाऱ्यांना आपली उत्पादने वापरता येतात, तत्त्वतः त्यांचा पेसमेकरला उपद्रव होऊ नये, पण तशी औपचारिक हमी देता येत नाही, असे पोलरच्या माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते, आणि मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. पट्ट्याची आपल्या बाबतीतली अडचण वेगळीच आहे. तो हृदयाचे विद्युतसंकेत मोजतो, आणि पेसमेकरचा ठोका हाही विद्युतसंकेतच असतो. तो ठोका पुरेसा मोठा असेल, विशेषतः युनिपोलर पद्धतीच्या तारेतून (जिच्यात वीज तारेच्या टोकापासून पेसमेकरच्या कवचापर्यंत जाते) येत असेल, तर पट्टा पेसमेकरचा ठोका एकदा आणि हृदयाचे आकुंचन दुसऱ्यांदा, असे दोन ठोके मोजू शकतो आणि ७० च्या जागी १४० दाखवतो. हल्ली बहुतेकांना बायपोलर पद्धतीने, म्हणजे तारेच्या टोकाजवळच्याच दोन बिंदूंमध्ये वीज सोडून, ठोके दिले जातात आणि ते बाहेरून क्षीण दिसतात, त्यामुळे अनेकांना हा त्रास होत नाही. पण विकत घेण्यापूर्वी कोणाचा तरी पट्टा मागून बांधून पाहावा. मनगटावरचे घड्याळ पटत नसेल तर दंडावर बांधायचा हिरव्या प्रकाशाचा पट्टा मिळतो, तो मला दोन्हींपेक्षा समतोल पर्याय वाटतो. त्यावर वेळ दिसत नाही, एवढेच.

प्रकाशाने मोजणाऱ्या घड्याळांच्या दोन चुका ओळखता आल्या पाहिजेत, नाहीतर माणूस विनाकारण दवाखान्याच्या चकरा मारतो. पहिली चूक पावलांची. झपाझप चालताना मिनिटाला ११० ते १२० पावले पडतात, हात त्याच तालात हलतो, आणि घड्याळ कधीकधी नाडी सोडून तो तालच मोजू लागते. ज्याचा अप्पर रेट ११० आहे त्याला अशा वेळी ११८ दिसले तर पेसमेकर बिघडल्याची शंका येते. थांबावे, हात स्थिर ठेवावा, आणि अर्ध्या-एक मिनिटाने आकडा पुन्हा पाहावा. दुसरी चूक याच्या उलट्या दिशेची आणि जास्त घाबरवणारी. खालच्या कप्प्यातून मध्येच एखादा अवेळी ठोका निघतो, त्याने ढकललेले रक्त इतके थोडे असते की मनगटापर्यंत लाट पोहोचतच नाही. असे ठोके एकाआड एक येत राहिले तर हृदय मिनिटाला ७० वेळा आकुंचन पावत असताना घड्याळ ३५ दाखवते. लोअर रेट ६० असताना ३५ कसे, म्हणून घरातली सगळी माणसे हादरतात. पेसमेकरने ठोका देणे थांबवले असेल असे दर वेळी मानण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. स्वस्थ बसावे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी, आणि तरीही आकडा लोअर रेटच्या बराच खाली राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, शुद्ध हरपणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही सोबत असेल तर घड्याळ काय म्हणते ते पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे. काही पेसमेकरांत एखाददुसरा ठोका लोअर रेटपेक्षा किंचित उशिरा येऊ देण्याची मुभा मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे ६० च्या जागी अधूनमधून ५७ दिसणे स्वाभाविक आहे. हेही त्या कागदावर लिहून घ्यावे.

नाडीवरून मग घड्याळ जे शंभर निष्कर्ष काढते, त्यांतले बहुतेक आपल्याला लागू होत नाहीत. "२२० वजा वय" या सूत्राने ते माझा कमाल वेग १५२ धरते, आणि त्याच्या टक्केवारीवर व्यायामाचे टप्पे (झोन) आखते. पण माझे यंत्र १३० च्या पुढे जाणारच नाही, तर वरचे टप्पे मला मिळणार कसे? बऱ्याच घड्याळांत कमाल वेग हाताने बदलता येतो. तो आपल्या अप्पर रेटइतका करून घ्यावा, आणि तरीही व्यायामाचा जोर ठरवण्यासाठी आकड्यापेक्षा दमावर जास्त विश्वास ठेवावा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव मोजण्यासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी आखली आणि हृदयरुग्णांच्या व्यायामात ती आजही वापरतात. चालताना शेजारच्याशी सलग वाक्ये बोलता येतात पण गाता येत नाही, अशी अवस्था तिच्यावर साधारण १२-१३ ला येते, आणि बहुतेकांना तेवढे पुरते. ताण, झोपेची प्रत, शरीराचे वय वगैरे आकडे दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या सूक्ष्म चढउतारांवर बेतलेले असतात. वरच्या कप्प्यालाही पेसमेकरच ठोका देत असेल तर तो चढउतार यंत्राने ठरवलेला असतो, मनाचा किंवा झोपेचा त्याच्याशी संबंध राहत नाही. हे पडदे मी बंदच करून टाकले आहेत. घड्याळ रोज सकाळी माझ्या शरीराचे वय सांगत असे, ते ऐकून घेण्यात मला रसही नव्हता.

एवढे सगळे गाळल्यावर उरते ते घड्याळ अगदी साधे असते. हिरव्या प्रकाशाचा सेन्सर, उन्हात वाचता येईल असे मोठे अंक, बकलाचा पट्टा, पाण्याने न बिघडणारी बांधणी, आणि नाडी ठरावीक मर्यादेच्या वर किंवा खाली गेल्यास इशारा देण्याची सोय. किंमत कमी पडते, हा जास्तीचा फायदा. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीत एखादा नवा बोलणारा सेन्सर घुसवलेला असू शकतो. घेताना त्या विशिष्ट आवृत्तीची माहितीपुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून त्यात पेसमेकर हा शब्द शोधावा. दुकानात घड्याळ मनगटाच्या हाडाच्या थोडे वर, घट्ट पण रुतणार नाही असे बांधून पाच मिनिटे खुर्चीत बसावे आणि बोटांनी मोजलेल्या नाडीशी आकडा ताडून पाहावा. विक्रेता घाई करेल, करू द्यावी.

इशाऱ्याच्या मर्यादा डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात. लोअर रेट ६० असेल आणि खालचा इशाराही ६० वरच लावला, तर घड्याळ दिवसभर हाताशी कुरकुरत राहील; माझ्या घड्याळात तो ५० वर आहे. रात्रीचा वेग ५० ठेवलेल्या माणसाला तो त्याहूनही खाली न्यावा लागेल. आणि तपासणीत तंत्रज्ञाने पेसमेकरची सेटिंग्ज बदलली, तर घरी आल्यावर घड्याळातले आकडेही त्याच दिवशी बदलून घ्यावेत, कारण नवीन लोअर रेट किंवा नवीन अप्पर रेट घड्याळाला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही.